शेऱ्याचा रकाना

ग्लासगो,
१२ ऑक्टोबर

ती. अण्णांना,


तुमचा कोट धुवायला टाकायचा म्हणून परवा खिसे चाचपले. तो रेल्वेचा निळा ओव्हरकोट. परत जाताना विमानतळावर बॅग दीड किलो जास्त भरली, तेव्हा तुम्ही जराही विचार न करता तो अंगातून काढून माझ्या हातात दिलात, आणि शेंगदाण्याच्या चटणीचा रिकामा डबा मात्र बॅगेत राहू दिलात. डबा आईचा होता, हे माझ्या लक्षात घरी आल्यावर आलं.

डाव्या खिशात दोन लवंगा, एक सुटं नाणं आणि चार घड्या घातलेला कागद निघाला. वाटलं, औषधांची यादी असेल. उघडला तर तिकिटाच्या कडेने मारलेल्या सरळ रेघा आणि चार रकाने: स्टेशन, आली, सुटली, शेरा. आपल्या मॅलेगच्या सफरीचा कागद. जाताना २६४ किलोमीटर, येताना तेवढेच, आणि मधल्या स्टेशनांची पेन्सिलीने केलेली नोंद. त्याच दोन दिवसांचे माझ्या फोनमध्ये ३१२ फोटो आहेत. ते मी अजून धड पाहिलेले नाहीत. तुमचा कागद मात्र परवापासून चार वेळा वाचून झाला. हे रविवारच्या फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही तिसऱ्या मिनिटाला "बाकी सगळं ठीक" म्हणता आणि तिथे बोलणं संपतं. फोन फुकट असतो हे तुम्हाला सात वर्षांत पटलेलं नाही. म्हणून पत्र.

मला ग्लासगोला नोकरी लागली त्या दिवशी आई ॲटलास घेऊन बसली होती. तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "इंजिनांचं गाव." तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा कोळशाची इंजिनं होती आणि त्यातल्या कितीतरी इंजिनांच्या अंगावर पितळी पाटी असायची: नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी, ग्लासगो. म्हणजे माझं गाव तुम्ही माझ्याआधी चाळीस वर्षं वाचत होतात. इथे आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी कुठे जायचं म्हणालात, तर स्प्रिंगबर्नला. मी सात वर्षांत तिथे कधी गेले नव्हते. १९०३ साली तीन कारखाने एकत्र येऊन ती कंपनी झाली आणि १९६२ मध्ये बंद पडली, हे मला तुमच्यासाठी शोधावं लागलं. आता तिथे रुंद रस्ता, उंच इमारती, एक सुपरमार्केट. तुम्ही बसथांब्यावर हात मागे बांधून पाच मिनिटं उभे राहिलात आणि म्हणालात, "चला, पाहिलं." काय पाहिलंत ते मी विचारलं नाही. मला ऑफिसचा एक फोन घ्यायचा होता.

मॅलेगला जायचं माझ्या डोक्यात तुमचा व्हिसा झाल्यापासूनच होतं. ग्लासगोहून निघून हायलँड्समधून थेट पश्चिम किनाऱ्याला जाणारी ही रेल्वे म्हणजे जगातल्या सर्वांत देखण्या रेल्वेमार्गांपैकी एक, असं इथे प्रत्येक जण सांगतो. मला तुम्हाला खिडकीशी बसवायचं होतं. खरं सांगायचं तर मला एक जुना हिशेब चुकता करायचा होता. तुम्हाला वर्षाला पासचे संच मिळायचे. बायको-मुलांसकट भारतभर फिरा. पास मिळायचा, रजा मिळायची नाही. आई ते पास ट्रंकेत ठेवायची आणि मुदत संपली की त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायची. वाठारला तुमची बदली होती तेव्हा सबंध मे महिनाभर महाबळेश्वर-पाचगणीला जाणारी माणसं आपल्यासमोर गाडीतून उतरायची. रंगीत छत्र्या, वेताच्या टोपल्या, नव्या टोप्या घातलेली मुलं. तुम्ही त्यांची तिकिटं घ्यायचात. महाबळेश्वर तिथून दोन-अडीच तासांवर होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं कॉलेजच्या सहलीत. तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

तर शनिवारी सकाळी आपण क्वीन स्ट्रीट स्टेशनवर पोहोचलो, गाडी सुटायच्या चाळीस मिनिटं आधी, कारण गाडी चुकते ती लोकांची, रेल्वेच्या माणसाची नाही. पिशवीत दशम्या, चटणी, लोणचं, आणि थर्मासमध्ये चहा. स्टेशनवरच्या कॉफीची किंमत तुम्ही बोर्डावर वाचलीत, तिला सरळ शंभराने गुणलंत (वरचे रुपये तुम्ही मला नेहमी सूट म्हणून सोडता) आणि थर्मास जवळ ओढून घेतलात. मी महिनाभर आधी डाव्या बाजूच्या दोन जागा राखून ठेवल्या होत्या. डाव्या बाजूने समुद्राच्या आत शिरलेल्या खाड्या दिसतात, म्हणून. तुम्ही आत येऊन जागेवरचा नंबर तिकिटाशी ताडून पाहिलात, मग डब्याचं अक्षर, मग पुन्हा नंबर.

कागदावरची पहिली ओळ अशी आहे: "ग्लासगो क्वीन स्ट्रीट. सुटली ८.२२. शेरा: १ मि. उशीर, कारण समजले नाही."

अण्णा, मला त्या पहिल्या दोन तासांत तुमचा राग आला होता, हे आता सांगून टाकते. बाहेर गेअरलॉख होतं, मग लॉख लाँग, मग उजवीकडे झाडांच्या फटींतून लॉख लोमंड. डब्यातले लोक या खिडकीकडून त्या खिडकीकडे धावत होते. तुम्ही मात्र खिडकीला गाल टेकवून खाली पाहत होतात, रुळाकडे. अर्डलुईच्या पुढे मी विचारलं, काय शोधताय? तुम्ही म्हणालात, "सिग्नल." मग म्हणालात, "एकेरी मार्ग आहे. लूप येऊन गेली. पण हात कुठे दिसेना, दिवा कुठे दिसेना. समोरून गाडी आली तर?"

मी फोनवर शोधलं, जरा तुसडेपणानेच. पण वाचत गेले तशी मीच गुंतले. फोर्ट विल्यमजवळ बानावी नावाच्या ठिकाणी, कालव्याच्या काठी एका इमारतीत बसलेला माणूस हा सगळा मार्ग चालवतो. ड्रायव्हर त्याला रेडिओवरून विचारतो, तो टोकन पाठवतो, आणि इंजिनातल्या एका छोट्या पडद्यावर त्या टप्प्याचं नाव उमटतं. ते नाव पडद्यावर असेपर्यंत त्या टप्प्यात दुसरी गाडी शिरत नाही. गेल्या शतकात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ही पद्धत आली. मी हे वाचून दाखवत असताना तुमचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "म्हणजे गोळाच की!"

गोळाच. मी चौथीत असताना तुम्ही मला हे चिंचोक्यांनी समजावलं होतं. तुमच्या आदर्की स्टेशनचं यंत्र आणि शेजारच्या सालप्याचं यंत्र तारेने बांधलेलं. दोघांनी मिळून घंटा दिल्या, कळ दाबली की एकाच यंत्रातून एकच लोखंडी गोळा बाहेर पडणार. तो ज्या ड्रायव्हरच्या हातात, रूळ त्याचा. तो गोळा पलीकडच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघणार नाही, डोकं आपटलं तरी निघणार नाही. न थांबणाऱ्या गाडीसाठी तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्याला बांधायचा आणि पॉइंटमनने हात लांब करून उभं राहायचं. इंजिनातला माणूस कडं दंडात अडकवून घ्यायचा, त्याच वेळी मागच्या टप्प्याचं कडं फलाटावर फेकायचा. रात्री क्वार्टरच्या भिंतीतून त्या यंत्राची घंटा ऐकू यायची. झोपेत मोजलेल्या घंटा मला अजून पाठ आहेत.

"मग पॉइंट कोण लावतं?" तुम्ही विचारलंत. कोणीच नाही, मी वाचून सांगितलं. लूपमध्ये शिरताना गाडी नेहमी ठरलेल्या बाजूने जाते आणि बाहेर पडताना चाकंच पॉइंट ढकलतात. तेलाच्या दाबावर तो आपोआप पूर्वीच्या जागी येतो.

"म्हणजे पॉइंटमन नाही."

"नाही."

"आणि मास्तर?"

यानंतर आपण क्रायनलॅरिकला उतरलो. गाडीचे इथे दोन भाग होतात, अर्धी ओबानला जाते, अर्धी मॅलेगला. आपण बरोबर अर्ध्यात बसलोय का, हे तुम्ही तीन जणांना विचारून खात्री केलीत. दोन भाग वेगळे करायला कोणीही रुळांत उतरलं नाही, ड्रायव्हरनेच बटण दाबलं आणि डबे सुटले. फलाटावर जुनी चहाची खोली आहे. बाकी त्या मार्गावरची स्टेशनं म्हणजे दोन रुळांच्या मधल्या फलाटावर उतरत्या छपराचं, स्वित्झर्लंडच्या चित्रातल्यासारखं नेटकं लाकडी घर. तुम्ही बहुतेक स्टेशनांवर खिडकीतून त्या घरात डोकावून पाहत होतात. कुंड्यांत फुलं होती, पाट्या रंगवलेल्या होत्या, एक नाव इंग्रजीत आणि एक गेलिकमध्ये. आत कोणी नव्हतं. तुमच्या कागदावर सलग पाच स्टेशनांपुढे एकच शेरा आहे: "मास्तर नाही." सहाव्यापासून तुम्ही तो लिहायचं बंद केलंत, नुसती बरोबरची खूण केलीत.

क्रायनलॅरिकलाच समोरून ग्लासगोला जाणारी गाडी आली. मी चहाच्या रांगेत होते, काचेतून पाहत होते. तुम्ही फलाटावर जरा मागे सरकलात, पाय जुळवलेत, आणि गाडी सुटून समोरून जाताना पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत नजर फिरवलीत. काही लोंबतंय का, आस तापलाय का, दार उघडं आहे का. मग तुमचा उजवा हात आडवा वर गेला. ऑल राइट. हिरवा बावटा नव्हता, नुसता हात. मागच्या खिडकीतून गार्ड बाईने आधी चमकून पाहिलं आणि मग तिनेही हात वर केला. कागदावर याची नोंद नाही. माझ्याकडे फोटो नाही. दोन्ही हातांत चहा होता.

पुढे रॅनख मूर लागलं. सुमारे १३० चौरस किलोमीटरची दलदल. ना झाड, ना रस्ता, नुसतं तपकिरी पाणी, दगड आणि गवत. १८८९ च्या हिवाळ्यात सात जण ही दलदल चालत ओलांडायला निघाले होते, रेल्वे नेता येईल का ते पाहायला, आणि वादळात सापडून मरता मरता वाचले. तरी मार्ग झाला, ७ ऑगस्ट १८९४ ला फोर्ट विल्यमपर्यंत सुरूही झाला. दलदलीत भराव टिकेना, तेव्हा झाडांची मुळं आणि फांद्या यांचा थर टाकला, त्यावर हजारो टन माती आणि राख. रूळ त्या गादीवर तरंगतोय. हे मी सांगितल्यावर तुम्ही बुटाच्या टाचेने डब्याची जमीन दाबून पाहिलीत, चांगले दोन-तीन वेळा. "लागतंय," म्हणालात. "झोका आहे. इथे वेगमर्यादा असणार."

कोरूर स्टेशन आलं, ४०८ मीटर उंचीवर. तिथे सार्वजनिक रस्ताच जात नाही. यायचं तर गाडीने, नाहीतर पायी. दूर उतारावर हरणांचा कळप उभा होता. डबाभर लोक "डिअर, डिअर" करत काचेला चिकटले आणि तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "इथे शिक्षा म्हणूनच पाठवत असतील." मी हसले, पण तुम्ही हसत नव्हतात. आदर्कीला उन्हाळ्यात पाण्याची टाकी गाडीला जोडून यायची. भाजी लोणंदहून, दूध सालप्याहून, डॉक्टर आला तर पॅसेंजरने. मी शाळेला पॅसेंजरने जायचे आणि ती उशिरा आली तर उशिरा जायचे; बाई रागावल्या की मी सांगायचे, क्रॉसिंग होतं. तुम्ही त्या घाटात पाच वर्षं काढलीत. कोणती शिक्षा होती ती? कधी बोलला नाहीत. आईलाही ठाऊक नव्हतं, की तिनेही सांगितलं नाही?

आता फोर्ट विल्यमवर येते. इथे आपलं बिनसलं.

मिरजेला कोल्हापूरच्या गाडीची तोंडं बदलतात तशी इथे गाडीची दिशा बदलते. म्हणजे आपल्या डाव्या बाजूच्या जागा आता उजव्या झाल्या. आणि पुढे अर्ध्या तासावर ग्लेनफिननचा पूल, ज्याच्यासाठी मी सगळा खटाटोप केला होता, तो दिसतो डावीकडून. डबा अर्धा रिकामा झाला होता. मी म्हटलं, पलीकडे बसू. तुम्ही म्हणालात, "आपला नंबर हा आहे."

"अण्णा, ती जागा रिकामी आहे."

"पुढच्या स्टेशनला कोणी आलं तर? रिझर्व्हेशन दुसऱ्याचं असेल."

"आलं तर उठू."

"उठवून घ्यायचं कशाला?"

मी तुम्हाला जागेवरची रिकामी चिठ्ठी दाखवली. कंडक्टरला विचारून आणलं. तो म्हणाला, कुठेही बसा. तुम्ही त्याला "थँक यू, सर" म्हणालात आणि बसल्या जागेवरून हलला नाहीत. मग मी बोलले. काय बोलले ते तुमच्याही लक्षात असेल. आयुष्यभर नियम सांभाळलेत, त्यातून कोणाला काय मिळालं, असं काहीतरी. डब्यात मराठी कळणारं कोणी नव्हतं, म्हणून आवाजही उतरवला नाही. आणि मी एकटीच डाव्या खिडकीत जाऊन उभी राहिले.

पूल देखणा आहे, यात शंका नाही. २१ कमानी, सुमारे ३८० मीटर लांब, ३० मीटर उंच, आणि सबंध काँक्रीटचा. आत लोखंडाची सळई नाही. १८९७ ते १९०१ या काळात हा पुढचा मार्ग बांधणाऱ्या रॉबर्ट मॅकअल्पाइनला लोक "काँक्रीट बॉब" म्हणायला लागले ते यावरून. दलदल ओलांडणाऱ्या त्या सातांतलाच हा एक. आता हॅरी पॉटरच्या सिनेमामुळे सगळं जग तिथे येतं. खाली शंभर-दोनशे माणसं आपल्या गाडीचे फोटो काढत उभी होती आणि वर आम्ही त्यांचे. गाडी वळणावर वाकली, पुढचा डबा दिसायला लागला, लॉख शीलचं पाणी चमकलं. मी २७ फोटो काढले. मागे वळून पाहिलं तर तुम्ही उजव्या खिडकीतून नुसता डोंगर बघत होतात, मांडीवर कागद. मला वाटलं, शब्दकोडं सोडवताय.

तुम्ही लिहीत होतात: "ग्लेनफिनन. आली १२.५४. पूल मजबूत. शेरा: धाकटी चिडली."

ते अक्षरही नेहमीचंच आहे. तिरकं नाही, घाईचं नाही. गाडी उशिरा आली, इंजिन बिघडलं, म्हैस रुळावर आली, धाकटी चिडली.

पुढे तुम्हीच बोलणं काढलंत, घोड्यावरून. डब्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्याला ती गोष्ट सांगितली, आठवतं? पूल बांधताना एक घोडा गाडीसकट खांबाच्या पोकळीत पडला आणि तिथेच गाडला गेला, अशी दंतकथा. लोक समजत होते, ग्लेनफिननच्या पुलात. १९८७ मध्ये एका प्राध्यापकाने खांबाला भोक पाडून आत कॅमेरा सोडला, काही सापडलं नाही. मग शोध पुढच्या पुलाकडे, लॉख नन उअवकडे वळला आणि २००१ मध्ये रडारने पाहिलं तेव्हा मधल्या जाड खांबात खरोखरच घोडा आणि गाडी निघाली. तो पूल आला तेव्हा डब्यातलं कोणी उठलं नाही. आठ कमानी, बसका, फोटोलायक नाही. तुम्ही उठलात. राखीव जागा सोडून, कोणी न सांगता, पलीकडच्या खिडकीशी गेलात आणि पूल संपेपर्यंत उभे राहिलात. परत येऊन बसताना मला विचारलंत, "गाडीवान वाचला का?" त्या गृहस्थांना माहीत नव्हतं. इंटरनेटलाही नव्हतं. मी घरी येऊन पुन्हा शोधलं.

मॅलेग म्हणजे मासळीचं बंदर आणि स्कायला जाणाऱ्या बोटीचा धक्का. जेवायला इथला ताजा हॅडॉक, पण वार शनिवार, म्हणून तुम्ही नुसते बटाट्याचे काप दशमीबरोबर खाल्लेत. फलाटावर पर्यटकांची वाफेची गाडी उभी होती. तिची तिकिटं मी विचारली होती तेव्हा "कोळशाचं इंजिन मी पगार घेऊन पाहिलंय, आता पैसे देऊन बघू?" असं म्हणाला होतात, आणि आता मला सोडून सरळ तिकडे चालू लागलात. पाटी शोधत होतात, ते मला आता कळतं. इंजिन न्यूकॅसलचं निघालं. पण तोवर फायरमनशी तुमचं सुरू झालं होतं. तो तिशीतला, काळाकुट्ट झालेला पोरगा, त्याची बोली अशी की ऑफिसात तशी बोली ऐकली की मी नुसती मान डोलावते. तुमचं इंग्रजी म्हणजे रेल्वेचं इंग्रजी. इंजेक्टर, व्हॅक्यूम, ग्रेडियंट, बँकिंग, वॉटर गेज. तुम्ही दोघं पंचवीस मिनिटं बोलत होतात आणि मध्ये एकदाही "पार्डन?" आलं नाही. त्याने तुम्हाला वर चढू दिलं. तुम्ही चढताना दांड्याला हात लावला तो न पाहता. मी खाली कोट धरून उभी होते, लहानपणी कोणी साहेब आला की आई टोपी धरून उभी राहायची तशी.

इथला उन्हाळा, त्यामुळे रात्र झालीच नाही. साडेसातला तुम्ही घड्याळ पाहून हात जोडलेत, बाहेर लख्ख ऊन. आठला जेवलात आणि खिडकीशी बसून राहिलात. समोर एग, रम ही बेटं, मागे स्कायचे करवती डोंगर. सव्वादहानंतर कधीतरी सूर्य पाण्याला टेकला. मी विचारलं, कसं वाटतंय? हे आमचं इथलं विचारणं, सारखं माणसाला कसं वाटतंय ते विचारायचं. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "तुझी आई इतका वेळ उजेड आहे म्हणून पापड घालत बसली असती."

परतीचा प्रवास मला फारसा आठवत नाही. रविवारी चारच्या सुमाराला गाडी सुटली, पाऊस होता, आदल्या रात्री त्या उजेडात मला झोप लागली नव्हती. फोर्ट विल्यमनंतर डोळे मिटायला लागले. जाग आली तेव्हा क्रायनलॅरिक येऊन गेलं होतं, मान अवघडली होती आणि गालावर त्या कोटाच्या जाड कापडाची खूण उमटली होती. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. मी म्हटलं, उठवायचं नाही का? तुम्ही म्हणालात, "स्टेशन यायला वेळ होता."

आदर्कीला मी जांभळावरून पडले, हात मोडला, तेव्हा आई तुम्हाला बोलवायला धावत आली होती. तुम्ही खालून येणाऱ्या मालगाडीला लाइन क्लिअर दिलीत, घंटा वाजवलीत, रजिस्टरात वेळ टाकलीत, सही केलीत आणि मग आलात. सात-आठ मिनिटं. आईने ही सात-आठ मिनिटं तुम्हाला शेवटपर्यंत माफ केली नाहीत. मी केव्हाच केली, असं मी समजत होते. नोंद सोडायची नसते, एक रकाना कोरा राहिला की पुढच्या माणसाचा जीव जातो, हे मला तेव्हाही पाठ होतं.

कागदाची मागची बाजू मी परवा आधी पाहिलीच नव्हती. तिथे रविवार आहे. मॅलेग, ग्लेनफिनन, फोर्ट विल्यम, टुलख, कोरूर, सगळ्यांच्या वेळा नीट. त्यानंतर तीन स्टेशनांची नावं एकाखाली एक, समोर आली-सुटलीचे रकाने कोरे, आणि तिन्हींना मिळून एक महिरप. शेऱ्याचं अक्षर वेडंवाकडं आहे, डाव्या हाताने काढल्यासारखं:

"रॅनख ते अपर टिंड्रम: नोंद नाही. धाकटी झोपली आहे. उजवा हात तिच्या डोक्याखाली."

कोट धुतला नाही, तसाच ठेवला आहे. तब्येतीला जपा. रविवारी फोन करते.

तुमची,
धाकटी